केसरचा नवरा नोकरीस लागला त्याची हकिगत

रेवसची खाडी,
२१ ऑक्टोबर १९६४

आदरणीय काळूराम दाजींना धाकटा मेहुणा शिवदास वाकून नमस्कार करतो. अक्काची कंबर आता कशी आहे? (तिला सांगा, चाळीचे जिने पाण्याची कळशी घेऊन चढायला तिचं वय राहिलेलं नाही. माझं ऐकणार नाही, पण सांगा.) इकडे आई ठीक आहे. खोकला तिला सोडत नाही आणि ती तंबाखू सोडत नाही, त्यामुळे तिघांचं बरं चाललंय.

दाजी, गेल्या आठवड्यात मंगळवारी तुमच्या मुंबईहून आमच्या गावात विधिमंडळाची एक समिती येऊन गेली. बाप गमावलेल्या गरीब पोरांना सरकार महिन्याला दहा रुपये देतं. ते योग्य पोटात जातात की नाही, हे बघायला पाच आमदार, दोन कारकून, एक लघुलेखक आणि एक पट्टेवाला आला (पट्टेवाल्याकडे अध्यक्षांची उशी होती). आमच्या गावात हे पैसे मिळतात चार पोरांना. म्हणजे पोरामागे दोन तपासनीस पडले आणि एक उशीला. दौऱ्याचं वेळापत्रक कचेरीत टंकलेखन करून आलेलं, त्यामुळे ते भरती-ओहोटीला विचारून केलेलं नव्हतं. लाँच पोचली ती ऐन ओहोटीला. धक्क्यापर्यंत पाणीच नाही, नुसता चिखल. मग कोळ्यांनी एकेका आमदाराला पाठीवर घेतलं. अध्यक्ष आमच्या भागोजीच्या वाट्याला आले. ते वजनदार गृहस्थ, सर्वच अर्थांनी. अर्ध्या चिखलात त्यांनी भागोजीला विचारलं, इथल्या लोकांना पोटभर खायला मिळतं का? भागोजीला दम लागलेला, तो नुसता ‘हूं’ म्हणाला. कारकुनाने (तोही दुसऱ्याच्या पाठीवरच होता) वही काढून ‘होय’ लिहून घेतलं. समितीचं निम्मं काम असं जमिनीला पाय लागायच्या आधीच उरकलं.

बाकीचं निम्मं जेवणात उरकलं. पंचायत समितीच्या साहेबांनी आदल्या दिवशी हुकूम सोडला होता, त्यामुळे मुंबईला जायचे सरंगे आणि मोठी कोळंबी शाळेच्या ओटीवर शिजली. दाजी, तुम्हाला ठाऊकच आहे, असली मासळी आम्ही फक्त टोपलीत घालतो, ताटात नाही. दोन-दोन सरंगे झाल्यावर एक सभासद ढेकर देऊन म्हणाले, ज्या गावात हे रोजचं अन्न आहे तिथे दारिद्र्य कसलं? हे लघुलेखकाने टिपलं. पोरं सकाळपासून व्हरांड्यात रांगेत उभी होती, साहेबांच्या सांगण्यावरून डोकी तेलाने चोपडून. दुसऱ्या सभासदांना त्यांच्या चेहऱ्यावर तेज दिसलं. ते तेलच होतं, आणि ते कपाळावरून ओघळत होतं. तेही टिपलं.

मग पैशांसाठी अर्ज केलेल्या केसरच्या नावाची हाक आली. तुम्ही गाव सोडल्याला बरीच वर्षं झाली, म्हणून सांगतो: केसर म्हणजे चंदरची बायको. चंदर दोन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीला गेला, तो होडीसकट परत आला नाही. महिन्याने दिवेआगरच्या किनाऱ्याला एक फळी लागली, तिच्यावर त्याने स्वतः रंगवलेलं होडीचं नाव होतं. पण फळीला मृत्यूचा दाखला मिळत नाही. सरकार म्हणतं, प्रेत नाही तर माणूस बेपत्ता, सात वर्षं थांबा. त्याची धाकटी तेव्हा दीड वर्षाची होती. साडेआठ वर्षांची होईपर्यंत तिने बाप असलेल्या पोरीसारखं जेवायचं आहे. थोरली जनी माझ्या चौथीत पहिली होती, ती आता शाळा सोडून कोलीम, तो बारीक जवळा, निवडायला जाते. मधल्याचे पाय काटकुळे झालेत.

अध्यक्षांनी विचारलं, “बाई, नवरा कुठे असतो?”

केसर म्हणाली, “दर्यात हाय.”

“कधीपासून?”

“दोन वरसं झाली.”

“म्हणजे काम कायमचं दिसतंय. घरी कधी येतो?”

केसरने पुन्हा सांगितलं, “त्यो येत न्हाय, सायेब. येनार बी न्हाय.”

अध्यक्ष हळहळले आणि कारकुनाला सांगते झाले: पती समुद्रावर नोकरीस, कुटुंबाकडे दुर्लक्ष करतो, सबब साहाय्यास अपात्र. पाच आमदारांचे दहा डोळे होते, पण एकालाही तिचं मोकळं कपाळ दिसलं नाही. वर अध्यक्षांनी प्रेमाने उपदेशही केला, की त्याला एक कडक पत्र पाठवा, मास्तर लिहून देतील. केसर माझ्याकडे वळून म्हणाली, “मास्तर, तुमी तरी सांगा त्यांना.” मी सांगणारच होतो, पण तेवढ्यात लाँचची वेळ झाली आणि सगळे उठले.

अशी ही माणसं, दाजी. यांना दर्या म्हणजे कारखाना वाटतो. आणखी काय लिहू? अक्काला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमचा
शिवदास

ता. क. वर एक गोष्ट खोटी लिहिली आहे. लाँचला अजून तासभर अवकाश होता. केसरची बोली साहेबांना कळावी म्हणून दुभाष्या म्हणून मलाच नेमलं होतं. कारकुनाने कागद पुढे केला, ‘वरील मजकूर बरोबर आहे’ असं लिहिलेला. पंचायत समितीचे साहेब माझ्या मागेच उभे होते आणि सकाळीच त्यांनी माझ्या बदलीचा विषय काढला होता. मी सही केली. केसरला वाचता येत नाही. तिला वाटलं, मी तिच्या बाजूने सही केली. दुसऱ्या दिवशी ती ओंजळभर सोडे घेऊन आली, “मास्तर, आता व्हईल ना आमचं?” म्हणून. आईने ते रांधले. मी भात कोरडाच खाल्ला.

ता. क. दुसरा. तुम्ही विधिमंडळाच्या त्याच कचेरीत दप्तरी आहात, अहवालाचे कागद शिवायला तुमच्याच हातात येतात. सोबत माझा वेगळा कागद आहे. चंदर बुडाला, फळी कोणी कोणी पाहिली आणि माझी पहिली सही खोटी होती, हे त्यात तारखेसह लिहिलंय. जुना कागद काढू नका, असू दे. हा फक्त त्याच्यावर शिवा. बदली झाली तर होऊ दे.

ता. क. तिसरा. काल केसरला खरं काय ते सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. “मंग आता नीट लिवा,” एवढंच म्हणाली, आणि आज सकाळपासून आमच्या उंबऱ्यावर बसून आहे. आताच तिला हे सगळं वाचून दाखवलं. आमदार चिखलात पाठीवर बसले तिथे खूप हसली. सोबतचा कागद ऐकल्यावर मात्र म्हणाली, “त्या लोकांचं लई लिवलं तुमी, मास्तर. माज्या चंदरच्या चारच वळी.”

म्हणून तो कागद पुन्हा लिहायला घेतोय. आता ती सांगेल तसा.