ग्लोरिओसामधला श्वास

३ नोव्हेंबर

चर्चच्या गायनमंडळाच्या मास्तरांनी मधली ओळ धाकट्या जावेला दिली. सगळ्यांसमोर. म्हणाले, "यंदा तिला गाऊ दे. तुम्ही मागच्या बायकांना सांभाळा." जणू मी पाळणाघर चालवते.

आमच्या चर्चच्या संतिणीवरचं ते लॅटिन गाणं शेकडो वर्षांपूर्वीचं. वर्षातून एकदाच गायचं, तिच्या सणादिवशी मिस्सेच्या प्रार्थनेत. सगळे मिळून गातात, मधली एकच ओळ एकटीची. ती माझी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझी.

४ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "गाणं संतिणीचं ना? मग तुझं कधी झालं?"

भाजीत मीठ घातलं नाही.

७ नोव्हेंबर

आमची दोघींची स्वयंपाकघरं एकाच भिंतीला टेकलेली. पलीकडे सकाळपासून सराव. आवाज गोड आहे, मान्य. गोड तर खोकल्याचं औषधही असतं.

९ नोव्हेंबर

धाकटी दारात आली. "ताई, एकदा ऐकता का? कुठे चुकत असेल तर सांगा."

मी पीठ मळत होते. बरबटलेले हात दाखवले. "आत्ता नको गं."

हात धुवायला किती वेळ लागतो, ते तिलाही ठाऊक आहे. गेली बिचारी.

बिचारी कशाला लिहिलं मी?

१२ नोव्हेंबर

सापडली! तिची चूक सापडली.

'ग्लोरिओसा' — म्हणजे गौरवशाली. शब्द एकच, पण 'रि'वर सूर वळणं घेत घेत लांबवर जातो. तो एका दमात म्हणायचा असतो. नव्या बायकांना मी पहिलं हेच शिकवते. ही बया 'ग्लोरि' म्हणते, थांबते, श्वास घेते, आणि मग 'ओसा'. ओसा जणू कुणी वेगळीच बाई.

तालमीत मास्तर ऑर्गनवर वाकलेले. त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

सांगायला हवं. नाही सांगणार. भर मिस्सेत तुटू दे.

२१ नोव्हेंबर

संतिणीचा दिवस. मी मागच्या रांगेत. तिची ओळ आली. ग्लोरि — श्वास — ओसा.

मी लगेच मास्तरांकडे पाहिलं. कपाळाला आठी नाही. उलट मान डोलावत होते.

बाहेर तिच्याभोवती ही गर्दी. मास्तर मात्र माझ्याकडे आले. "हुबेहूब तुम्ही. श्वाससुद्धा तिथेच. तुम्हाला सांगून थकलो होतो, म्हणून तिला काही बोललोच नाही."

"मला? मला कधी सांगितलंत?"

ते नुसते हसले. धाकटी मागेच उभी होती. "ताई, मला कुठे नोटेशन वाचता येतं? भिंतीला कान लावून शिकले मी. तुमचंच ऐकून."

२२ नोव्हेंबर

घरात कोणी नव्हतं. पोळ्या करता करता ती ओळ म्हणून पाहिली. 'ग्लोरि'पाशी श्वास घेतला.

भिंतीपलीकडून तिने 'ओसा' म्हटलं.