नाक्सोसच्या राक्षसाला तेल कोण लावणार

तीर्थरूप पोलिक्सेनी आत्यास,

थिमिओसचा हातावर ओठ टेकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? लंगडी शेळी व्याली का? पाद्रीकाकांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. त्यांना माझा नमस्कार सांग, पण या पत्रातलं बाकी काही सांगू नकोस. (फोनच केला असता, पण तो काकांच्या उशाशी असतो आणि उचलतातही तेच. मी तोंड उघडायच्या आत विचारतात, "रविवारी चर्चला गेला होतास का?" मग पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.) मी मजेत आहे. वजन वाढलंय, नाक सोललंय. आज वारा एवढा सुटलाय की आमची होडी बंदरातच बांधून ठेवली आहे, म्हणून लिहायला सवड मिळाली.

तू म्हणशील, हा पोरगा लाकडाच्या गिरणीत टिकला नाही, यानिना शहरातल्या बेकरीत टिकला नाही, मग या नाक्सोस बेटावर ईस्टरपासून कसा चिकटून बसला? ते पुढे येईलच. आधी कामाचं सांगतो. कप्तान माथिओसच्या होडीतून मी रोज प्रवाशांना डेलोस बेटावर जुनी देवळं बघायला नेतो. दोर टाकायचा, ज्यांना उलटी होते त्यांना पिशवी द्यायची आणि उरलेल्या वेळात भोंग्यातून देवांच्या गोष्टी सांगायच्या. पहिली दोन कामं मला झकास जमतात. देवांचं आणि माझं मात्र शाळेपासूनच पटत नाही. अपोलो डेलोसवर जन्मला एवढं पाठ केलंय, आणि झ्यूस आमच्या नाक्सोसच्या डोंगरातल्या गुहेत वाढला हेही. पुढे कोण कोणाचा मुलगा असं कोणी विचारलं की मी सरळ झ्यूसचं नाव घेतो. बहुतेक वेळा बरोबर येतं.

राहतो आणि जेवतो तो फ्लोरिओस म्हाताऱ्याच्या खानावळीत, अगदी किनाऱ्यावर. म्हातारा प्रत्येक टेबलाजवळ जाऊन एकच गोष्ट सांगतो. अथेन्सच्या राजपुत्राला क्रीटच्या राजकन्येने भुलभुलैयातून जिवंत बाहेर काढलं, त्याच्यासाठी घरदार सोडलं, आणि तो तिला याच किनाऱ्यावर झोपलेली टाकून जहाज घेऊन पळाला. नेमकी कुठे झोपली होती ती जागाही दाखवतो. (जागा रोज बदलते. सावली जिथे असेल तिथे ती झोपलेली असते.) मग "अथेन्सचाच ना तो!" म्हणून थुंकतो, आणि शेवटी सांगतो की पुढे द्राक्षांचा देव दिओनिसोस आला आणि त्याने तिच्याशी लग्न केलं. पण हे सगळं तो आपली मुलगी कालिओपी आत माशांना मीठ लावत असते तेव्हाच सांगतो, तिच्यासमोर कधीच नाही. कारण तिचा नवराही अथेन्सचाच होता. विजेचे खांब रोवायला आला, लग्न केलं, आणि मूल जन्मायच्या आधी शेवटच्या खांबाबरोबर निघून गेला. कोर्टाचा कागद झाला, बिशपसाहेबांनीही तिला मोकळी केली. मूल आता रांगतंय. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून अजून नाव नाही, तेव्हा आपल्याकडच्यासारखंच इथेही त्याला सगळे नुसतं "राक्षस" म्हणतात. शोभतंही. मागे एकदा त्याने कप्तानाची टोपी खाल्ली.

कालिओपीबद्दल काय लिहू? पहिल्याच दिवशी मी माशाबरोबर दही मागितलं, तर अख्ख्या खानावळीसमोर म्हणाली, "ए डोंगऱ्या, इथे मासा खातात. मेंढी हवी असेल तर पोहत घरी जा." त्या दिवसापासून मी टिकलो.

तिला सांगायचं एक वाक्य मी महिनाभर जुळवत होतो. रोज जेवताना ते घशापर्यंत यायचं आणि मी त्यावर भाकरी खायचो. अशात ऑगस्टमधला मरियामातेचा सण आला. टेबलं भरलेली, इथले पाद्री बसलेले, शेजारीपाजारी गोळा झालेले. म्हातारा पेला घेऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "थिमिओ, आमच्या राक्षसाला बाप्तिस्म्याचं तेल लावशील का?" आत्या, धर्मपिता हो असं भर पंगतीत कोणी म्हटल्यावर नकार देणारा माणूस आपल्या डोंगरात तरी जन्मला नाही. शिवाय मला वाटलं, मी ज्या दारावर टकटक करायला घाबरत होतो ते आपोआप उघडलं! धर्मपिता म्हणजे घरचाच माणूस! मी "हो, हो!" करत म्हाताऱ्याचे मुके घेतले, पाद्रींचे घेतले, आणि त्या भरात पलीकडच्या टेबलावरच्या एका डच बाईंचेही घेतले. कालिओपीच्या हातून तळलेल्या माशांचं ताट खाली पडलं आणि ती आत गेली. मी समजलो, आनंदाने.

मग मी श्रद्धेचा मंत्र पाठ करायला घेतला. धर्मपित्याला तो चर्चमध्ये सगळ्यांसमोर न अडखळता म्हणावा लागतो, आणि मला "एकाच देवावर माझा विश्वास आहे" याच्या पुढचं काही येत नव्हतं. (काकांनी शिकवला तेव्हा मी बहुधा नदीवर होतो.) तीनदा पश्चिमेकडे थुंकून सैतानाला नाकारायचं असतं, ते मात्र लगेच जमलं. इथून पश्चिमेला बरोबर पारोस बेट आहे, त्यामुळे नाक्सोसची माणसं तेवढा भाग अगदी मनापासून करतात. तर मंत्र म्हणत म्हणत मी होडीवर काम करायचो, आणि एका सकाळी भोंगा चालू राहिला. होडीत थेस्सालोनिकीच्या निवृत्त शिक्षकांची सहल होती. समोर डेलोस, अपोलोच्या देवळाचे खांब उन्हात चमकताहेत, आणि भोंग्यातून माझा आवाज, "एकाच देवावर माझा विश्वास आहे!" सगळे गुरुजी उभे राहिले आणि छातीवर क्रूस काढू लागले. कप्तानानेही टोपी काढायला सुकाणू सोडलं. (टोपी नव्हतीच, ती राक्षसाने खाल्ली होती, म्हणून तो डोक्यावर चाचपत राहिला आणि होडी धक्क्याला घासली.)

इकडे खानावळीत काहीतरी बिनसलं होतं. माझ्या कॉफीत मीठ यायला लागलं. मी तीही प्यायलो, म्हटलं बेटावर समुद्रामुळे सगळंच खारट असेल. पण मग कालिओपी मला "अहो पाव्हणे, आपण जेवणार का?" असं विचारायला लागली. मी घाबरून कप्तानाला गाठलं.

"कप्तान, एखादी बाई ‘ए डोंगऱ्या’ सोडून एकदम ‘अहो’वर आली तर काय समजायचं?"

"कोण? कालिओपी?" कप्तान इतका हसला की त्याला दोराच्या वेटोळ्यावर बसावं लागलं. "अरे गाढवा! ज्या पोराला तेल लावशील त्याची आई तुझी धर्मबहीण होणार. तुमचं लग्न लावणारा पाद्री मग अख्ख्या ग्रीसमध्ये सापडायचा नाही. हे तुला कोणी शिकवलं नाही?"

"माझे काका पाद्री आहेत."

"मग त्यांच्यासाठी एक मेणबत्ती लाव. बिचारे."

आत्या, आधी वाटलं, संपलं. मग हळूहळू डोक्यात शिरलं. तिला मी भाऊ म्हणून हवा असतो तर तिने कॉफीत साखर घातली असती. आणि पोलिसांपासून मेंढ्यांपर्यंत कोणालाही न घाबरणारा तुझा भाचा तिथे धक्क्यावर उभ्या उभ्या श्रद्धेचा मंत्र म्हणायला लागला.

तडक म्हाताऱ्याकडे गेलो, सांगून टाकायला. तो टेबलाशी बसला होता आणि राक्षसाचे पांढरे बूट तळहातावर उभे करून बघत होता. मी तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "त्या अथेन्सवाल्याने पोराचं तोंडही पाहिलं नाही, थिमिओ. तू हो म्हणालास तेव्हा मी म्हटलं, चला, या किनाऱ्यावर एक तरी थांबणारा निघाला." मग नाक पुसलं. आता तूच सांग, माघार घेतली तर या किनाऱ्यावरून पळणारा तिसरा मीच, आणि नाही घेतली तर तिचा भाऊ होऊन जन्मभर खारट कॉफी. मी म्हटलं, "बूट छान आहेत," आणि बाहेर आलो.

बाकी सगळं क्षेम आहे. हवा चांगली आहे, टोमॅटो गोड आहेत. काकांना जपायला सांग.

तुझा भाचा,
थिमिओस

ता. क. तूच ये आणि राक्षसाला तेल लाव. तू धर्ममाता झालीस तर मी फक्त धर्ममातेचा भाचा होतो, आणि धर्ममातेच्या भाच्यावर कोणाचीही हरकत नाही. मी इथल्या पाद्रींना "एका मित्रासाठी" म्हणून विचारलं. (ते म्हणाले, "मित्राला सांग, घाई कर.") तू आजवर गावात फक्त मुलग्यांनाच तेल लावलंस. मला वाटायचं तुला मुली आवडत नाहीत. आता कळलं, एकाच धर्ममातेची पोरं भावंडं ठरतात, तेव्हा ती पुढे एकमेकांच्या प्रेमात पडून अडकू नयेत म्हणून तू जपत होतीस. राक्षस मुलगाच आहे, काळजी नको. जहाजात मधोमध बस आणि पाण्याकडे बघू नकोस. काकांना सांग, टिनोसच्या मरियामातेच्या दर्शनाला जाते. टिनोस इथून जवळच आहे, मी तुला खरंच नेऊन आणीन, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होणार नाही.

ता. क. २. तू येतेस असं म्हाताऱ्याला मी सांगून टाकलं आहे. म्हटलं, आमच्या घराण्यात आत्याने आशीर्वाद दिल्याशिवाय पुतण्याभाच्यांनी कोणाला तेल लावायचं नाही, पहिला मान आत्याचा. त्याला रडू आलं. म्हणाला, असलं घराणं आता राहिलं नाही. तेव्हा कृपा करून येऊन घराणं सांभाळ. तुझ्यासाठी त्याने समुद्राकडे खिडकी असलेली खोली झाडून ठेवली आहे. तू समुद्राला घाबरतेस हे सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

ता. क. ३. कालिओपीला मी अजून काहीच विचारलेलं नाही. ती मघाशी आली आणि म्हणाली, "ए डोंगऱ्या, तुझी आत्या का? तू का नाही?" माझे कान तापले. तिने बराच वेळ माझ्या कानांकडे बघितलं, मग राक्षसाला उचलून माझ्या हातात दिलं. "धर. जपून. तू याचा कोणी लागत नाहीस," म्हणाली, आणि दारातून मागे वळून, "अजून." अक्षर वाकडं येतंय ते एका हाताने लिहितोय म्हणून. दुसऱ्या हातावर तो झोपलाय आणि मला हलायचा धीर होत नाही. लवकर ये.