एकदा पाठ झालं की

चिमणे,

तुझ्या पायांचं औषध तयार झालं. निरुपद्रवी विषाणूच्या खांद्यावरून चांगलं जनुक स्नायूंत पोचवायचं, यात माझी तीस वर्षं गेली. तुला मात्र ते मिळणार नाही. सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून हे वहीतच राहील.

तू सहा वर्षांची असताना तुझी आई म्हणाली होती, "बाबा, मात्रा ठरेपर्यंत थांबूया ना." मी म्हटलं, "थेंबभर तर देतोय." त्या थेंबाने पाय हलले नाहीत, शरीराने विषाणू तेवढा कायमचा ओळखून ठेवला. आता पूर्ण मात्रा दिली तरी शरीर त्या विषाणूला दारातच मारेल.

कविता एकदा पाठ झाली की विसरायची नाही, हे मीच तुला शिकवलं.

काल फोनवर विचारलंस, "आजोबा, माझा नंबर कधी?" मी तुला जुनी कविता म्हणायला लावली.

एक ओळ चुकली नाहीस.

तुझा घाई केलेला,
आजोबा