पानं ओळखणाऱ्या दोघी

२ फेब्रु., अल्लीपूर
घरी आली. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे फोटो पाहत बसली होती. कपाशीची रोगट पानं, नेटवरून उतरवलेली, प्रत्येकावर रोगाच्या नावाचं लेबल. यावरूनच माझा प्रोग्राम रोग ओळखायले शिकतो. आई मागून डोकावली. "हा कायचा रोग व? तणनाशक उडालं याच्यावर. पान पाह्य, भेंडीवानी झालं." एक नाई, आठ-दहा फोटोंले तेच म्हणाली. म्हणजे लेबलंच चुकीची! अन् मी चार महिन्यांपासून प्रोग्रामले चुकीचं शिकवून राह्यली.

४ फेब्रु., वर्धा
गाइड सरले सांगितलं. "तयार डेटा आहे, त्यावर पेपर छापून आलेत. तुला नसती उठाठेव कशाला?"
करणार उठाठेव. मंग एम.एस्सी. कायले म्हणायचं?

९ फेब्रु., अल्लीपूर
दोघांनी वेगवेगळं तपासायचं, मग ताडून पाहायचं, असं वाचलंय. फोटोंच्या प्रिंट काढल्या. दोघी म्हणजे आई अन् शेजारची शांताकाकू. वीस वर्षं सोबत निंदण करतात. ओसरीत बसवलं, एक ढीग रोगाचा, एक तणनाशकाचा. ताडलं तर एकूण एक फोटो जुळला! नाचलीच मी.

१० फेब्रु.
वर्ध्याले निघताना काकू म्हणे, "तुह्या मायनं सांगतलं ना मले, कोन्तं कुठं ठेवाचं ते."
मी आत चहा मांडत होती तेव्हा! आईले वाटलं परीक्षा हाय, काकूले नापास काऊन होऊ द्यायचं. रडू आलं रागानं. पण चूक माझी. वेगळं काऊन बसायचं, ते सांगितलंच नाई मी.

१२ फेब्रु., वर्धा
सर : "जुळलं ना? टाक रिपोर्टात. कोण विचारायला येतंय?"
"नाई सर." पुन्हा तपासते म्हटलं.

१६ फेब्रु., अल्लीपूर
पुन्हा. प्रिंट पत्त्यांसारख्या पिसल्या. आई आपल्या घरी, काकू तिच्या. आई : "आता बोलाले बी बंदी काय?" हो, बंदी!
बरेच जुळले, काही नाई. न जुळलेल्यांवर मग दोघींले समोरासमोर बसवलं, अशा भांडल्या की बाप्पा! काकू म्हणे, "तणनाशकानं नवं फुटलेलं पानच वाकडं होते, खालचं बराबर राह्यते. तुह्या फोटोत झाड कुठी हाय?"
खरंच. एकाही फोटोत पूर्ण झाड नाई. लिहून घेतलं.

३ मार्च, वर्धा
सरनं रिपोर्टातली दोघींची नावं लाल पेनानं खोडली. वर लिहिलं, 'कृषितज्ज्ञ'. "बाहेरचे परीक्षक हसतील. सही हवी तर बदल कर."
कोणता तज्ज्ञ? आलता कोणी? वीस तारखेले जमा करायचंय, सही नाई तर वर्ष गेलं.

८ मार्च, अल्लीपूर
आई : "काढ ना मंग माह्यं नाव. तुह्यी सही होऊ दे."
काकू : "माह्यं ठेवजो बाप्पा!"
हसलो तिघी. नाई काढत.

१८ मार्च, वर्धा
रिपोर्टाची नवी प्रिंट सरच्या टेबलावर ठेवली. नावं तशीच. शिक्षण : आई चौथी, काकू शाळेत गेली नाई. अनुभव : वीस वर्षं निंदण, वेचणी. खाली हेही, की पहिली तपासणी रद्द, चूक माझी.
सर वाचत वाचत न जुळलेल्या फोटोंवर थांबले.
"हे नव्या पानाचं कोणी सांगितलं?"
"काकूनं."
रिपोर्टाचं ते पान पुन्हा वाचलं त्यांनी. लाल पेन हातात होता, टोपण काढलं नाई. "उद्या ये."
उद्या जाते. हीच प्रिंट घेऊन.