अंगठा घसरला नव्हता

अप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि येरकाडच्या घाटाबद्दल मी तुमच्याशी एकदाही खरं बोललो नाही. आधी गाडीबद्दल लिहितो. युद्धाआधीची ती शर्यतीची गाडी, लांब नाकाची, धुराची नळी बाहेरच्या अंगाने गेलेली. इंग्रज गेले तरी मागे राहिलेल्या, चहा कंपनीतल्या एका दोरैंची, म्हणजे गोऱ्या साहेबांची ती होती. ते ती मौंट रोडवरच्या तुमच्या गॅरेजात ठेवत आणि वर्षातून एकदा येरकाडच्या घाटात पळवत. तिच्या इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल लागे. तुम्ही मैलापूरला घरी आलात की स्वयंपाकघराच्या दारातच आई नाकाला पदर लावी. "आज गाडीलाही पाजलंत? बरं झालं. पोट साफ झालं की पळेल." तुम्ही हसत विहिरीवर हात धुवायला जात, तरी जेवताना ताटाभोवती तो वास असेच.

रविवारी मी गॅरेजात मदतीला येई. इंजिनाच्या झडपांच्या फटीत तुम्ही पातळ पोलादी पट्टी सरकवत, आकडा सांगत, आणि मी वहीत उतरवी. एकदा एक आकडा बाकीच्यांशी जुळेना, म्हणून मी तो आपल्या मनाने जुळवून लिहिला. तुम्ही वही पाहिलीत आणि पट्टी खाली ठेवलीत. "बी. एस्सी. शिकतोस ना? मग दिसलं ते लिही. तुझं शहाणपण त्यात घालू नको." इतकं कडक तुम्ही माझ्याशी क्वचितच बोललात.

त्या वर्षी सरावाच्या दिवशी दोरैंचं मनगट मुरगळलं. ते तुम्हाला म्हणाले, "उद्या तू चालव. तिला तुझ्याइतकं कोण ओळखतं? पहिला आलास तर पुढच्या वर्षीही तूच. नाही तर माझा भाचा विलायतेहून येतोच आहे." आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांनी पळवायच्या गाड्या जुळवत आला होता. त्या रात्री धर्मशाळेत तुम्ही दहीभाताचा डबा उघडलात आणि तसाच झाकून ठेवलात.

मी घाटाच्या वरच्या टोकाला होतो. आकडे नीट काढतो म्हणून क्लबाने मला वेळ नोंदायला घेतलं होतं. घाटात गाड्या एकेक करून सुटतात, चढाओढ असते ती घड्याळाशी. खालून टेलिफोनवर इशारा आला की मी आणि क्लबातले एक वकील, दोघांनी आपापलं घड्याळ सुरू करायचं, गाडीने पांढरी रेघ ओलांडली की थांबवायचं, आणि दोन्ही वेळांची सरासरी लिहायची, असा नियम होता.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. खालच्या वळणांवरून चढत येतो आहे, झाडीत दबतो आहे, पुन्हा उघडा होतो आहे. शेवटच्या वळणातून तुम्ही येता. पेडल तळपायाला कळावं म्हणून चपला खालीच काढून ठेवल्या आहेत तुम्ही. रेघ. मी अंगठा दाबतो. माझं घड्याळ वकिलांच्या घड्याळापेक्षा एक सेकंद कमी दाखवतं. वकील माझ्याकडे पाहतात. "तुमचे वडील ना हे?" एवढंच. त्या स्वरात काही होतं का, हे मी आजवर कितीदा तपासलं आहे. काही सापडत नाही. पण मी म्हणालो, "माझा अंगठा घसरला, सर. तुमचीच वेळ धरा." त्यांनी मान डोलावली.

अंगठा घसरला नव्हता.

संध्याकाळी फळ्यावर तुमचं नाव दुसरं होतं, पहिल्याच्या मागे सेकंदाचा पाचवा हिस्सा. सरासरी धरली असती तर तुम्ही पहिले होता. हे गणित मी फळ्यासमोर उभा राहून दोनदा केलं. तेवढ्यात तुम्ही मागून खांद्यावर हात ठेवलात. "वेळ नीट घेतलीस ना, कण्णा?"

"हो, अप्पा."

"सरि, ठीक. मग माझाच पाय पेडलवरून उचलला गेला. तिसऱ्या वळणावर असेल. भ्यालो."

पुढच्या वर्षी भाच्याने गाडी चालवली. त्याच्यासाठीही तुम्ही ती तितक्याच निगुतीने जुळवलीत. पण जेवायला बसलात की मध्येच घास थांबे, उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर दाबला जाई, आणि तुम्ही ते वळण पुन्हा घेत आहात हे मला कळे. शेवटच्या दुखण्यात तुम्ही आईला म्हणालात, "माणूस धीट नसला तर नसतो. त्याला काय करायचं?" मी उशाशी चमच्यात औषध ओतत होतो.

कित्येक वर्षं मी त्याला प्रामाणिकपणा म्हणत होतो. मुलाने बापाला झुकतं माप देऊ नये, वगैरे. माझा अंगठा मायेपोटी लवकर दाबला गेला असेल का? असेलही, मला सांगता येत नाही. पण त्यासाठीच तर दोन घड्याळं होती. मी नियम पाळला असता तरी पुरे होतं. मला सांगता येतं ते एवढंच, की वकिलांनी मला मिस्त्रीचा मुलगा समजू नये असं त्या क्षणी मला फार वाटलं. त्यांनी डोलावलेली ती मान मला हवी होती, आणि तिच्यासाठी तुम्ही भित्रे ठरलात. अप्पा, तुम्ही भ्याला नव्हता. पाय कुठेच उचलला गेला नव्हता.

काल आई माझ्या मुलांना ती गोष्ट पुन्हा सांगत होती. "जिंकतच होते तुमचे आजोबा. वळणावर भ्याले बिचारे!" मुलं हसली. तीही हसली, आणि मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी पाणी प्यायला उठलो. आत्ता ती पलीकडच्या खोलीत भाजी निवडते आहे. तुम्हाला लिहिणं मला सोपं पडतं. तिला सांगायचं तर दहा पावलं चालावं लागेल.