दगडाबाईचा ओ

९ जुलै
कुरणघाटात येऊन चार दिवस झाले आणि एकदाही बॅग भरावीशी वाटली नाही. माझ्या मानानं हे लय झालं. उंब्रजच्या धाब्यावर अकरा दिवस टिकलो, शिराळ्याच्या पोल्ट्रीत तीन आठवडे. घरी खंडाळ्याला फोन करून सांगितलं तर वडील म्हणाले, पत्ता पेन्सिलनं लिहून ठेवतो.

इथं ग्रामपंचायतीत बदली शिपाई पाहिजे होता. मूळचे शिपाई नानासो, त्यांचे गुडघे गेलेत. इलियासचाचांचा मंडप आणि भोंग्यांचा धंदा आहे, त्यांनी गोदामावरची खोली दिली. वर ही डायरी दिली. गेल्या सालची आहे, पण पानं कोरी आहेत. म्हणाले, काय तरी लिव्ह रं, हात रिकामा राहिला की तुझ्यासारखा माणूस एस्टी धरतो.

गाव लहान आहे पण बोलकं आहे. कृष्णेच्या घाटावर बायका धुणं आपटता आपटता सगळ्या गावाची खबर घेतात. काल त्यांनी माझं लग्नसुद्धा ठरवलं. मुलगी कोण ते अजून ठरायचंय.

१४ जुलै
आज नानासोंनी पुराची रीत शिकवली. नदी वाढली की खालच्या आळीत, म्हणजे नदीलगतच्या मळीच्या रानाकडेच्या बावीस घरांत, दारोदार जायचं. मी म्हटलं, भोंगा आहे की. तर म्हणाले, भोंग्याला ओ कोण देतंय व्हय रं. दारात उभं राहून घरातल्या थोरल्या माणसाला नावानं हाक मारायची. आतून ओ आला पाहिजे. माणूस उंबऱ्याबाहेर आलं की मग चौकटीवर गेरूचा पट्टा ओढायचा. पट्टा असला म्हणजे घर रिकामं. मग त्या घराकडं काहील जात नाही. इथं पुरात गुळाच्या काहिलीत बसवून माणसं काढतात. मी कोरड्यावरच एकदा बसून बघितलं. नानासोंनी डोक्याला हात लावला.

शेवटचं घर दगडाबाईचं. मूळच्या जतकडच्या धनगर. पूर्वी मेंढरं घेऊन नदीकाठाला यायच्या, नवरा वारल्यावर इथंच राहिल्या. ऐकायला कमी येतं. नानासो तीनदा म्हणाले, तिच्या दारात थांबाय लागतंय गड्या, एक बिडी सरंपर्यंत. ती ओ देती, पण उशिरा देती.

मी हाक मारून बघितली. उभा राहिलो. त्यांच्या दोन मेंढ्या मोजल्या, परत मोजल्या. मग आतून ओ आला, माळावरनं मेंढरांना घालतात तसा लांब. बाहेर येऊन मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, कुणाचं रं तू, पाय लय हलत्यात तुजं. ताक दिलं. मुलगा अर्जुना कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात आहे म्हणाल्या. दिवाळीला येतो.

२४ जुलै
शाळेच्या वर्गात बसून लिहितोय. बाहेर सगळं पाणी.

काल धरणाचं पाणी सोडलं. सकाळी सातपासून एकवीस घरं केली. एकेका घराचा ओ ऐकला, माणसं बाहेर आलेली बघितली, पट्टे ओढले. नानासोंनी बघायला पाहिजे होतं. अकराच्या सुमाराला दगडाबाईच्या दारात गेलो. हाक मारली. तेवढ्यात पोरं ओरडत पळत गेली की सोसायटीच्या पत्र्यावर मगर चढलीय.

मी पट्टा ओढला आणि गेलो. लगेच परत येणार होतो.

मगर मोठी होती. ऊन नसताना तोंड वासून ऊन खात पडली होती. मी व्हिडिओ काढला, मग जवळून अजून एक काढला. परत फिरलो तर आळीच्या तोंडाला छातीएवढं पाणी.

नानासोंनी विचारलं, समदी आली का. मी म्हटलं, व्हय. दगडाबाई पण? व्हय.

त्या दोन मेंढ्या पोहत वर आल्या. दगडाबाई शाळेतच असतील कुठंतरी, शाळा मोठी आहे.

सहा वर्ग आहेत.

२७ जुलै
पाणी उतरलं. आळीत अजून लोकांना सोडत नाहीत. पावडर टाकायला मला पाठवलं. गुडघाभर चिखल. दगडाबाईचं दार लावलेलं होतं. माझा पट्टा तसाच होता, पाणी त्याच्या खालीच थांबलं होतं. म्हणजे वर माळ्यापर्यंत पोचलं नसणार.

दारापुढनं जाताना आतून काहीतरी आवाज आला. बारीक, पण लांब.

पाणकोंबडा असेल. नदीच्या काठाला काय काय ओरडत असतं.

दार वाजवलं असतं तर पट्टा खोटा आहे हे मीच सांगितल्यासारखं झालं असतं. पावडर टाकली आणि पुढं गेलो. पुढची घरं नव्हतीच. नदीपर्यंत चालत गेलो आणि उसातून फिरून वर आलो, त्या दारावरनं परत नको म्हणून.

२९ जुलै
मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या राहतात, पाणी गेलं की पडतात. मला माहीत नव्हतं. कालपासून सहा पडल्या. दगडाबाईची मागची भिंत पत्र्यासकट आत बसली. पुढची चौकट तेवढी उभी आहे.

एक जण म्हणाला, उकरून बघू का. नानासो म्हणाले, पट्टा हाय की त्येला, घर रिकामं हाय, आधी शेजारच्या सुमैराच्या घरातली पोत्याची थप्पी काढू. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी व्हय म्हणून मान हलवली.

खोरं माझ्याच हातात होतं.

३१ जुलै
अर्जुना आला. शाळेत आई कुठंच नाही असं कळल्यावर, दोन दिवस रेल्वेनं बसून. बोटं ॲसिडनं पिवळी पडलेली. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा, पण पारावर सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरले. तू हाक मारलीस म्हणून आई भाईर पडली रं, म्हणाला. मग एकेक विचारत बसला. नेसली काय होती. हातात काय होतं. कुठल्या बाजूला गेली.

हिरवं लुगडं, म्हणालो. हातात गाठोडं. उंब्रजच्या रस्त्याला.

कुणीतरी दुसरंच बोलतंय असं वाटलं. इलियासचाचांनी त्याला मोटरसायकल दिली. जाताना तो मला म्हणाला, हिरवं म्या घेतल्यालं, गेल्या दिवाळीला.

मी फक्त एक रंग सांगितला होता.

२ ऑगस्ट
पंचायतीत सत्कार. बावीस घरं, एकही माणूस गेलं नाही, दगडाबाई पण सापडतील, असं सरपंच बोलले. फेटा बांधला. नानासो डोळे पुसत होते, म्हणाले, माझ्या जागेला माणूस घावला. माझ्या हातात माईक दिला. काय बोलायचं कळेना म्हणून पहिल्या ओळीतल्या सुमैराला मी नुसतं म्हटलं, भाभी, बरं हाय का.

ती काही बोलायच्या आधी भोंग्यातून ओ आला.

लांब. उशिरानं. कुणी मान वळवली नाही. भाभी हसून बरं हाय म्हणाल्या. इलियासचाचा मात्र मशीनजवळ जाऊन वायर हलवून आले.

फेटा मी घाटावर सोडला. परत बांधता येत नाही मला.

३ ऑगस्ट
कुणालाही हाक मारली की आधी तो ओ. सकाळी हॉटेलात चहावाल्याला हाक मारली तर घाटाकडून आला. दुपारी नानासोंना मारली तर पंचायतीच्या मागून. चारच्या सुमाराला कुत्र्याला यू यू केलं, तर गोदामाच्या जिन्याखालून.

रागाचा नसतो तो. तेच वाईट आहे. नावानं हाक मारल्यावर माणूस द्यावा तसा देतो. आता येते, थांब, असा.

आज दिवसभर कुणाला हाक मारली नाही असं लिहिणार होतो. खोटं झालं असतं.

४ ऑगस्ट
अर्जुना परत आला. कराडच्या स्टँडवर हिरव्या लुगड्याच्या एका म्हातारीमागं पळाला म्हणे. तिला पुढनं बघितलं आणि तिथंच बसला. इलियासचाचांच्या घरनं डबा आला, त्यानं उघडला नाही. म्हणाला, भावा, परत एकदा सांग, नक्की कुठल्या बाजूला.

मी हात करून दाखवलं. तो माझ्या हाताकडं बघत राहिला.

सत्तावीस तारखेला माळ्यावर जर — तेव्हा भिंत उभी होती. दोन दिवस उभी होती. दार नुसतं ढकललं असतं तर —

पाणकोंबडा नव्हता.

५ ऑगस्ट
बॅग भरली. स्टँडवर गेलो. गाडी लागलेली, चढलो. कंडक्टरनं विचारलं, येणार काय. मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागच्या सीटवरून —

उतरलो. ती बरोबर येईल. कुठंही गेलो तरी.

आणि अर्जुना उद्या सांगलीला निघालाय. दवाखाने बघायला. एकेक.

६ ऑगस्ट, सकाळी आठ
पंचायतीच्या भोंग्याच्या खोलीत. दार आतून लावलंय. खिडकीतून पार दिसतो. अर्जुना मोटरसायकलची चेन बघतोय. तो निघायच्या आत झालं पाहिजे. आधी इथं लिहितो, मग तेच वाचतो, नाहीतर तोंडातून परत दुसरंच निघेल.

गावकऱ्यांनो ऐका. मी यशराज, शिपाई. दगडाबाई घराबाहेर आल्या नाहीत. पट्टा खोटा आहे. मी मगर बघायला गेलो. लुगड्याचं खोटं सांगितलं. अर्जुनादादा, सांगलीला जाऊ नका. मागच्या भिंतीखाली उकरा. सत्तावीस तारखेला त्यांनी मला ओ दिला होता, मी ऐकला, आणि

मशीनचा लाल दिवा लागला, म्हणजे भोंगा चालू झाला. मी हात लावलेला नाही.

ओल्या मातीचा वास. खुर्चीच्या मागं. मागं बघत नाही. पुरं करतो.

आणि मी तसाच पुढं गेलो. मला काय करायचं ते करा, पण आधी त्यांना बाहेर काढा. मी एकदाच हाक मारली होती. थांबलो नव्हतो. आता परत मारतो, नावानं, आणि या बारीला थांब