मीनूचा नमस्कार

बुधवार, उमरठ

आज शिमग्याची पालखी दारात आली. अमेरिकेहून आलेल्या धाकट्या भावाच्या मीनूने देवापुढे छातीवर क्रुसाची खूण केली. तिला सांभाळणाऱ्या मेक्सिकन रोझाचं पाहून शिकलेली. भावाने चारचौघांत तिचा हात खाली ओढला.

"असू दे रे, पाया पडली ना पोर? हाय काय त्यात!" काकू म्हणाली.

"परत गेलो की आधी त्या बाईला काढतो. तिकडे चर्च त्यांचं, दुकानांवरच्या पाट्या त्यांच्या भाषेत, आता घरातही?"

आणि हाच तिथे भर रस्त्यात ढोल बडवत गणपती नेतो! किती कोता माणूस.

मी म्हटलं, "मग पोरीला तू सांभाळणार?"

फार लागेलसं बोललो का? असेन. तो ओढलेला हात डोळ्यांपुढून जात नाही. नंतर मीनू रडली ती रोझाचं नाव घेत, बापाच्याच मांडीवर बसून.